परदेशांत लहान मुलांस इंग्रजी शिकविणारा नवा शिक्षक

विद्यादानासाठीं देश सोडून दूर जाणारा मनुष्य ही गोष्ट आमच्यासारख्या शाळांना नवी नाहीं. आमच्या मिशन शाळांचा पायाच मुळीं अशा परक्या माणसांनीं घातला, कीं ज्यांना येथें उतरल्यावर मीठ मागण्यापुरतेंही मराठी येत नव्हतें. आतां प्रवाह उलटाही वाहूं लागला आहे. आपल्याकडील पदवीधर तरुण-तरुणी परदेशांत शिक्षक म्हणून जातात, आणि त्यांतील कांहींच्या वांट्याला अगदीं लहान मुलांस इंग्रजी शिकविण्याचें काम येतें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी या धंद्याविषयीं आम्हांला वारंवार विचारतात. पगार किती, थंडी किती, खाण्याचें काय, हे त्यांचे प्रश्न असतात. जीं मुलें समोर बसणार, त्यांच्याविषयीं प्रश्न क्वचितच येतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्व देशांविषयीं एकदम बोलूं गेल्यास कोणत्याच देशाविषयीं नीट बोलणें व्हावयाचें नाहीं. यास्तव जपानचें एकच उदाहरण घेऊं. जपान सरकारनें १९८७ सालीं ‘जेट’ नांवाची योजना सुरू केली. तेव्हांपासून निरनिराळ्या देशांतील हजारों तरुण तेथील शाळांतून साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून राहून आले आहेत. २०११ सालापासून तेथील प्राथमिक शाळांच्या पांचव्या व सहाव्या इयत्तांत परभाषेचा परिचय आवश्यक झाला. एप्रिल २०२० पासून हा परिचय तिसरी-चौथीपर्यंत खालीं आला, व पांचवी-सहावींत इंग्रजी हा नियमित विषय झाला. तिसरी-चौथीला वर्षाकाठीं ३५ तास आणि पांचवी-सहावीला ७० तास, व प्रत्येक तास ४५ मिनिटांचा, असें हें मान आहे. नेमणुकीचे व परवान्याचे नियम वरचेवर बदलतात. ते ज्यानें त्यानें वकिलातींतून विचारून घ्यावे. आम्हांला सांगावयाचें आहे तें त्या नियमांच्या पलीकडचें आहे.

पहिला आठवडा

परक्या देशांत पाऊल टाकलें म्हणजे प्रथम कचेरी, मग घर, मग शाळा, असा क्रम असतो. जपानांत दीर्घकाळ राहण्यासाठीं येणाऱ्यास मोठ्या विमानतळावर निवासपत्र मिळतें. तें सदैव जवळ बाळगावें लागतें. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आंत नगरकचेरींत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. घर भाड्यानें घेतांना अनामत रकमेशिवाय पुष्कळ ठिकाणीं ‘रेइकिन’ म्हणून एक रक्कम मालकास द्यावी लागते. ती परत मिळत नाहीं. मुंबईची पागडी ज्यांनीं ऐकली आहे त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पहिला पगार हातीं येईपर्यंतचा खर्च पदरीं असावा, हें त्यावरून उघडच होतें. विजेचा दाब तेथें १०० व्होल्ट आहे, त्यामुळें आपल्याकडील इस्त्री तेथें नीट तापत नाहीं. कचरा जळणारा, न जळणारा, बाटल्यांचा, कागदांचा असा वेगळा करून ठरलेल्या वारींच बाहेर ठेवावा लागतो. नव्या शेजाऱ्याची पहिली परीक्षा बहुधा या कचऱ्यावरच होते!

या सर्व खटपटींत पदवीधर मनुष्याला एक विलक्षण अनुभव येतो. कालपर्यंत ज्यानें सभेंत भाषणें केलीं, त्याला आज दुकानांतील दोन पिशव्यांपैकीं मीठ कोणतें व साखर कोणती हें वाचतां येत नाहीं. कचेरींतील लेखनिक दोन-दोनदां सांगतो, आणि हा नुसती मान हालवितो. त्याला बुद्धि आहे, विद्या आहे, विनोदही येतो. परंतु बाहेरून पाहणाऱ्यास तो केवळ मुका आणि जरासा मंद दिसतो. वाचकहो, हा अनुभव नीट लक्षांत ठेवावा. पुढें वर्गांत जें कांहीं कामास यावयाचें आहे, त्याचें बीज येथेंच आहे.

शाळेचा उंबरठा

जपानी शाळेंत शिरतांना बाहेरचे जोडे काढून आंतले वेगळे जोडे घालावे लागतात. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर वहाणा काढणाऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. शाळेचें वर्ष एप्रिलमध्यें सुरू होऊन मार्चमध्यें संपतें. मुलें आपले वर्ग व वाटा स्वतः झाडून-पुसून काढतात. बहुतेक प्राथमिक शाळांत दुपारचें जेवण शाळेंतच मिळतें. पाळीचीं मुलें पांढरे अंगरखे व टोप्या घालून तें सर्वांस वाढतात, आणि शिक्षकही वर्गांतच त्यांच्याबरोबर जेवतो. नव्या शिक्षकानें ही वेळ शिक्षकांच्या खोलींत एकट्यानें काढूं नये. फळ्यासमोर जें मूल तोंड उघडीत नाहीं, तेंच जेवतांना आपल्या ताटांतील पदार्थाचें नांव मोठ्या हौसेनें शिकवितें. त्या वेळीं तें गुरु असतें आणि आपण शिष्य असतों.

शिक्षकाला तेथें ‘सेन्सेइ’ म्हणतात. आपल्याकडे जसें ‘गुरुजी’ किंवा ‘बाई’ म्हटलें म्हणजे नांवाची जरूर उरत नाहीं, तसेंच तें आहे. नवा परदेशी शिक्षक बहुधा एकटा शिकवीत नाहीं. वर्गशिक्षक त्याच्या जोडीला असतो. मुलांचीं नांवें, घरची हकीकत, कोण आजारी, कोण रुसलेला, हें सर्व त्या वर्गशिक्षकास ठाऊक असतें. त्याला आपला दुभाषी समजून वागविणें हा अविवेक होय. दोन बैलांनीं एक जूं ओढावयाचें असतां एकानेंच मान उंच धरली, तर नांगर वांकडाच चालावयाचा.

आणखी एक गोष्ट शाळेंत आरंभींच शिकून घ्यावी. तो देश भूकंपाचा आहे. सप्टेंबर १, १९२३ च्या भूकंपांत टोकियो व योकोहामा या भागांत एक लाखाच्या आसपास माणसें दगावलीं. १९६० पासून ती तारीख आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळली जाते, आणि शाळांतून सरावही होतो. सूचना मिळतांच मुलें मेजाखालीं शिरून त्याचे पाय घट्ट धरतात. इंग्रजीचा पहिला पाठ तयार करण्यापूर्वीं या सूचनेचे जपानी शब्द शिक्षकानें पाठ केलेले असावे; कारण त्या घटकेला मुलें त्याच्या तोंडाकडे पाहतील.

दोन भाषांची सोयरीक

मराठी माणसाला जपानी भाषा वाटते तितकी परकी नाहीं. त्यांच्या अक्षरमालेचा क्रम पाहावा: आधीं अ, इ, उ, ए, ओ हे स्वर, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी. बौद्ध भिक्षूंच्या द्वारें संस्कृत वर्णमालेचें जें अध्ययन त्या देशांत झालें, त्याचा ठसा या क्रमावर आहे. वाक्यरचनाही आपल्यासारखी आहे. कर्ता आधीं, कर्म मग, आणि क्रियापद शेवटीं. विभक्तीचे प्रत्यय जसे आपण नामाच्या मागून लावितों तसेच तेही लावितात. ‘मी पाव खातों’ हें वाक्य त्यांच्या भाषेंत ‘वाताशी वा पान ओ ताबेरु’ असें होतें. शब्दाखालीं शब्द ठेवून पाहावा, क्रम बदलावा लागत नाहीं. त्यांतील ‘पान’ म्हणजे आपला पावच. पोर्तुगीज गलबतांतून तो एक शब्द आपल्या किनाऱ्यावरही उतरला आणि त्यांच्या किनाऱ्यावरही.

याचा वर्गांत उपयोग असा. इंग्रजीची वाक्यरचना जपानी मुलाला जेथें अडखळविते, तेथेंच ती लहानपणीं आपल्यालाही अडखळवीत होती. क्रियापद मध्येंच कां येतें, ‘वर’ आणि ‘खालीं’ हे शब्द नामाच्या आधीं कां बोलावे, हें कोडें आपण स्वतः सोडविलेलें आहे. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्याच्या पायाला हा दगड कधीं लागलेलाच नसतो. इंग्रजी ही आपली शिकून मिळविलेली भाषा आहे याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. जो वाट चालून आला, तोच वाटेंतील खड्डे सांगूं शकतो.

उच्चारांविषयीं मात्र धीर धरावा. जपानी भाषेंत ‘र’ आणि ‘ल’ हे दोन वेगळे ध्वनि नाहींत, आणि बहुतेक व्यंजनांमागें स्वर येतो; म्हणून ‘मिल्क’ शब्दाचा ‘मिरुकु’ होतो. हें ऐकून नव्या शिक्षकास हसूं येतें. हसण्यापूर्वीं त्यानें आपला कान तपासावा. जपानींत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, आणि मधला स्वर लांबविला कीं ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद नवख्याला प्रथम ऐकूंच येत नाहीं, आणि तो एखाद्या तरुण बाईस सरळ आजीबाई म्हणून मोकळा होतो! ज्या कानानें तो भेद ऐकला नाहीं, तो कान मठ्ठ नव्हे. त्याला त्या भेदाची संवय नव्हती एवढेंच. मुलाच्या कानाचेंही तेंच आहे.

खुणेचा अर्थ

शब्दांपेक्षांही खुणा अधिक फसव्या असतात. आपल्या शाळांत उत्तर बरोबर असलें म्हणजे शिक्षक त्यावर ‘बरोबर’ची तिरकी खूण करितो. जपानी शाळेंत बरोबर उत्तराला वाटोळें वर्तुळ काढतात, आणि उत्तम उत्तराला त्या वर्तुळाभोंवतीं पाकळ्या काढून त्याचें फूल करितात. आपली ती तिरकी खूण तेथें बहुधा चुकीची निशाणी समजली जाते. आतां कल्पना करा, कीं एका मुलीनें दहाही उत्तरें बरोबर लिहिलीं, आणि नव्या शिक्षकानें मोठ्या प्रेमानें दहा तिरक्या खुणा करून वही परत दिली. ती मुलगी घरीं काय सांगेल? शिक्षकाचें अंतःकरण शुद्ध होतें हें खरें. पण मुलीला अंतःकरण दिसत नाहीं, तिला वही दिसते.

रंगांचेंही तसेंच. रस्त्यावरील वाहतुकीच्या हिरव्या दिव्याला जपानी लोक ‘आओ’ म्हणतात, आणि ‘आओ’ या शब्दाचा नेहमींचा अर्थ निळा असा आहे. म्हणून त्या दिव्याचें चित्र दाखवून रंग विचारल्यास एखादें मूल इंग्रजींत ‘निळा’ म्हणेल. त्याला रंग ओळखतां येत नाहीं असें नव्हे. त्यानें आपल्या भाषेंतील शब्द प्रामाणिकपणें इंग्रजींत आणला. अशा उत्तरावर फुली मारणारा शिक्षक मुलाच्या चुकीवर नव्हे, त्याच्या घरच्या भाषेवर फुली मारितो. तेथें ‘असें कां?’ हा एक प्रश्न मनांत विचारावा, मग पेन्सिल उचलावी.

मुलाचें मौन

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. नव्या शिक्षकाला सर्वांत अधिक त्रास होतो तो मुलांच्या मौनाचा. तो प्रश्न विचारतो. ३०-३५ मुलें त्याच्याकडे पाहतात, आणि कोणी बोलत नाहीं. त्याला वाटतें, यांना कांहीं समजत नाहीं. किंवा यांना मी आवडत नाहीं. किंवा मला शिकवितां येत नाहीं. मग तो प्रश्न मोठ्यानें विचारूं लागतो, एखाद्या मुलास उभें करून उत्तर येईपर्यंत तसेंच ठेवितो, आणि शेवटीं मुलाच्या डोळ्यांत पाणी येतें. त्या दिवशीं तें मूल इंग्रजीचा एकही शब्द शिकत नाहीं. इंग्रजी म्हणजे चारचौघांत होणारी फजिती, एवढें मात्र पक्कें शिकतें. हा पाठ पुसून काढण्यास पुढें कित्येक वर्षें लागतात.

हॅरल्ड पामर नांवाचा इंग्रज भाषाशिक्षक १९२२ सालीं जपानच्या शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून टोकियोस गेला. १९२३ सालीं तेथें इंग्रजीच्या अध्यापनाविषयीं संशोधन करणारी संस्था निघाली. तिचें काम पाहून तो १९३६ पर्यंत त्या देशांत राहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं बोलण्यापूर्वीं पुष्कळ ऐकलें पाहिजे. शिक्षकानें आज्ञा द्यावी, विद्यार्थ्यानें ती कृतीनें पाळावी. उठ, दाराकडे जा, पुस्तक मेजावर ठेव, असें. याच धोरणावर त्यानें आपल्या कन्येसह ‘इंग्लिश थ्रू ॲक्शन्स’ हें पुस्तक १९२५ सालीं टोकियोंत प्रसिद्ध केलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानें कृतींतून भाषा शिकविण्याच्या पद्धतीचा पुन्हा अभ्यास केला. आजचे भाषाशास्त्रज्ञही परभाषा शिकणाऱ्या मुलांच्या आरंभींच्या मौनकाळाविषयीं लिहितात. हा काळ कांहीं आठवड्यांचा असतो, कधीं कित्येक महिन्यांचा.

शेतांत बीं पेरल्यावर जमीन कांहीं दिवस रिकामी दिसते. शेतकरी त्या दिवसांत माती उकरून बीं पाहत नाहीं. मौन धरलेलें मूल रिकामें नसतें. तें ऐकत असतें, सांठवीत असतें, ताडून पाहत असतें. पहिल्या आठवड्यांत कचेरीच्या खिडकीशीं मुका उभा असलेला शिक्षक जसा आंतून शहाणाच होता, तसेंच हें मूल आहे. ज्यानें तो स्वतःचा मुकेपणा विसरला नाहीं, त्याला हें कोणत्याही ग्रंथावांचून समजतें.

एक तास कसा घ्यावा

उपदेशाला नमुन्याची जोड असावी, म्हणून ४५ मिनिटांच्या एका तासाची आंखणी देतों. आरंभींचीं ५ मिनिटें नमस्कार व तोच तो ठराविक प्रश्नोत्तराचा क्रम. लहान मुलांना ओळखीच्या आरंभानें धीर येतो. पुढचीं १० मिनिटें आज्ञापालन: शिक्षकानें स्वतः कृति करून दाखवावी, मग मुलांबरोबर करावी, मग नुसती आज्ञा द्यावी. येथें बोलण्याची सक्ति नसावी. त्यानंतर १० मिनिटें नवे शब्द, सहांहून अधिक नकोत. आणि होतां होईल तों खरी वस्तु हातांत असावी. पुढें १० मिनिटें खेळ: शब्द ऐकून चित्रावर हात ठेवणें, चित्रें क्रमानें लावणें. मग ५ मिनिटें सर्वांनीं मिळून म्हणणें. समूहांत भित्रें मूलही ओंठ हालवितें, आणि त्याचा आवाज कोणी वेगळा काढून तपासीत नाहीं. शेवटचीं ५ मिनिटें गोष्टीसाठीं अथवा निरोपासाठीं ठेवावीं. एकट्यानें बोलण्याची संधि द्यावी, पण ती मागणाऱ्याला द्यावी.

पहिल्या दिवशीं शिक्षकानें आपली ओळख करून द्यावयाची असते. तेव्हां आपल्या गांवचीं चित्रें न्यावींत: एस. टी.ची गाडी, भाकरी थापणारी आजी, पावसाळ्यांतील भाताचें खाचर. भाताचें खाचर पाहतांच जपानी मुलांचे डोळे चमकतील. तें त्यांच्याही देशांत आहे. हा परका मनुष्यही आपल्यासारखाच भात खाणारा, हें कळलें म्हणजे अर्धें काम झालें.

एकटेपणाविषयीं

मुलांविषयीं सांगितलें, शिक्षकाच्या मनाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानें १९६० सालीं परक्या संस्कृतींत गेलेल्या माणसाच्या मनाच्या अवस्था वर्णिल्या. आधीं सर्व कांहीं नवलाचें व गोड वाटतें. मग प्रत्येक गोष्ट खुपूं लागते. मग हळूहळू सुधारणा होते, आणि शेवटीं माणूस तेथें रुळतो. दुसरी अवस्था कठीण. त्या दिवसांत चिकट भातही तोंडांत फिरतो, आणि घरच्या वरणाची आठवण येऊन घसा दाटतो. हा आपला नाकर्तेपणा नव्हे, हा वाटेंतील घाट आहे, एवढें ज्ञान असलें तरी चढण सोपी होते.

उपाय साधे आहेत. घरच्या माणसांशीं बोलण्याची वेळ ठरवावी, पण सारी संध्याकाळ त्यांतच घालवूं नये. टोकियोच्या निशिकासाइ भागांत पुष्कळ भारतीय कुटुंबें राहतात, तेथें डाळ-मसालाही मिळतो; परंतु आपल्याच लोकांच्या घोळक्यांत राहणारा मनुष्य दहा वर्षांनींही पाहुणाच राहतो. रोज जपानीचीं पांच वाक्यें शिकावीं, आणि त्यांतील एक तरी त्याच दिवशीं दुकानांत, शाळेंत किंवा शेजारीं वापरावें. आपलें जपानी ऐकून मुलें खुदकन् हसतील. हसूं द्यावें. गुरुजींनाही अडखळावें लागतें, आणि अडखळूनही ते बोलतात, हें पाहिल्यानें मुलांना जो धीर येतो, तो शंभर शाबासक्यांनीं येत नाहीं.

उपसंहार

या बाबतींत पूर्वीच्या माणसांचे कित्ते आपल्यापुढें आहेत. डॉक्टर जेम्स हेपबर्न हा अमेरिकन मिशनरी १८५९ सालीं जपानांत उतरला. त्यानें रोग्यांना औषध देतां देतां भाषा शिकून घेतली, व १८६७ सालीं जपानी-इंग्रजी कोश छापून काढिला. आपल्या इकडे सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली, १८३९ मध्यें अहमदनगरास गेली, आणि १८६२ सालीं तेथेंच तिचा अंत झाला. पस्तीस वर्षें तिनें या देशच्या मुलींना शिकविलें. आणि तें त्या मुलींच्या भाषेंतून, म्हणजे आपल्या मराठींतून. शिकविण्यास आलेल्या या दोघांनींही आधीं शिष्यत्व पत्करिलें, म्हणूनच त्यांचें काम टिकलें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना परदेशीं जावयाचें असेल, त्यांनीं अवश्य जावें. सामानांत गरम कपडे घ्यावे, कागदपत्रांच्या प्रती घ्याव्या, थोडा गोडा मसालाही घ्यावा. ज्यांना कोठेंच जावयाचें नाहीं, त्यांच्यासाठींही यांत कांहीं आहे. आपल्या गांवच्या शाळेंतही दर जूनमध्यें एखादें मूल अशा घरांतून येतें, जेथें पुस्तकी मराठी बोलत नाहींत. पारध्याचें, ठाकराचें, बंजाऱ्याचें, किंवा दूरच्या प्रांतांतून मजुरीस आलेल्याचें. तें मागच्या बांकावर गप्प बसतें. त्याच्या गप्प बसण्यावरून त्याची किंमत कोणी करूं नये, शिक्षकांनीं करूं नये आणि शेजारच्या बांकावरील मुलांनींही करूं नये. त्याला आधीं नांवानें हांक मारावी, डब्यांतला घांस द्यावा, आणि त्याच्या भाषेंतील एक शब्द विचारून घ्यावा. बोलण्याची घाई त्याला करूं नये; तें आपल्या वेळीं बोलेल.